अमायलॉइडचं इंजेक्शन आणि विकायला काढलेली बाग

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी सांगलीत राहते, वय ४४. आई ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला अल्झायमर असल्याचं निदान झालं. आता अंघोळीचं पाणी काढून दिलं तरी पुढे काय करायचं ते तिला सुचत नाही. अण्णांना, म्हणजे वडिलांना, ओळखते, मला कधीकधी मावशीच्या नावाने हाक मारते. डोनेपेझिलची गोळी चालू आहे. दादा न्यू जर्सीला असतो. त्याने बातमी पाठवली की जीन बंद करणारं इंजेक्शन निघालंय आणि एका डोसमध्ये मेंदूतलं अमायलॉइड ९० टक्के कमी होतं. अण्णांनी ती बातमी चार जणांना दाखवली आणि त्यातून एका क्लिनिकचा पत्ता मिळाला. ते 'जीन थेरपी'ची सहा इंजेक्शनं देतात, खर्च १४ लाख. अण्णा तासगावकडची पाऊण एकर द्राक्षबाग विकायला तयार झालेत, गिऱ्हाईकही आलंय. मी थांबा म्हटलं तर दादा म्हणतो, "तुला आई बरी व्हायला नको का?" हे औषध खरं आहे का? आईला अमेरिकेत नेलं तर मिळेल का? आणि मलाही हा आजार होणार असेल तर आत्ताच जीनची टेस्ट करून घेऊ का?

उत्तर :

ताई, गिऱ्हाईकाकडून विसार घेतला नसेल तर घेऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतेच, पण एवढं आज संध्याकाळीच अण्णांच्या कानावर घाला. इंजेक्शनाचा निर्णय महिनाभर लांबला तर आईंचं काही बिघडणार नाही. बागेचा व्यवहार मात्र एकदा झाला की परत फिरवता येत नाही.

दादाने पाठवलेली बातमी खोटी नाही. ज्या औषधाबद्दल ती आहे त्याचं नाव बहुधा मिव्हेलसिरान. अमेरिकेतल्या अल्नायलम या कंपनीने ते रीजेनेरॉनच्या साथीने तयार केलं आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचे माणसांवरचे पहिले निकाल जाहीर केले. '९० टक्के' हा आकडा तिथलाच आहे. पण तो आकडा कशाचा, हे बातमी घरापर्यंत पोचता पोचता गळून पडलं. ते समजलं की तुमच्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच सापडतील, म्हणून जरा मुळापासून सांगते.

आपल्या २१ व्या गुणसूत्रावर एपीपी नावाचं जनुक, म्हणजे जीन, आहे. त्यावरून मेंदूतल्या पेशी एक लांबलचक प्रथिन बनवतात. हे प्रथिन पेशीच्या आवरणात रोवलेलं असतं आणि दोन एन्झाइम एकामागून एक त्याला कापतात. कापताना जो छोटा, चिकट तुकडा सुटतो तो बीटा-अमायलॉइड. हा तुकडा काही आजारी माणसांच्याच डोक्यात तयार होत नाही, तुमच्या-माझ्या डोक्यातही रोज होतो आणि रोज साफ होतो. काहींच्या बाबतीत वय वाढतं तसं तयार होण्याचं आणि साफ होण्याचं गणित चुकत जातं. तुकडे एकमेकांना चिकटतात आणि पेशींच्या मधल्या जागेत त्यांच्या गाठी बसतात. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली ज्या गाठी पाहिल्या, त्या याच.

अमायलॉइड कमी बनलं तर आजार टळेल, हा निव्वळ तर्क नाही, माणसांत त्याचे पुरावे आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्यांकडे २१ वं गुणसूत्र तीन प्रतींत असतं, म्हणजे एपीपी जनुकही तीन. त्यांच्यातल्या जवळपास सगळ्यांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत या गाठी झालेल्या असतात. याच्या अगदी उलट उदाहरण आइसलँडमधलं. तिथल्या काही लोकांच्या एपीपी जनुकात एक बारीकसा बदल आहे. त्या बदलामुळे अमायलॉइड सुमारे ४० टक्के कमी बनतं आणि या लोकांना म्हातारपणी अल्झायमर होण्याचं प्रमाण बरंच कमी दिसतं. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या लोकांच्या मेंदूत अमायलॉइड कमी बनत होतं ते जन्मापासून, सत्तरीनंतर नव्हे. मी पुढे त्यावर परत येणार आहे.

आता 'जीन बंद करणं' म्हणजे काय ते पाहू. पेशीच्या केंद्रकातलं जनुक थेट प्रथिन बनवत नाही. आधी त्याची एक तात्पुरती नक्कल निघते, तिला मेसेंजर आरएनए म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतं. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना एका इवल्याशा कृमीवर प्रयोग करताना दिसलं की पेशीत दुपदरी आरएनए सोडला तर त्याच्याशी जुळणारी नक्कल पेशी स्वतःच नष्ट करते. या शोधाला २००६ मध्ये नोबेल मिळालं. मिव्हेलसिरान याच जातीचं औषध आहे, जेमतेम वीस-बावीस अक्षरांचा दुपदरी आरएनए. पेशीत शिरल्यावर त्यातला एक पदर पेशीच्याच एका प्रथिनात बसतो, एपीपीची नक्कल हुडकतो आणि तिचे दोन तुकडे होतात. एक झाली की पुढची, मग त्यापुढची. म्हणून एका डोसचा परिणाम महिनोन् महिने टिकतो. मूळ जनुकाला कुणी हात लावत नाही, ते जसंच्या तसं राहतं. औषध संपलं की प्रथिन पुन्हा पूर्वीसारखं बनू लागतं.

ही पद्धत मेंदूबाहेर यशस्वी झालेली आहे, आणि योगायोग असा की तोही अमायलॉइडचाच आजार होता, फक्त प्रथिन वेगळं. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन यकृतात बनतं. काही घराण्यांत ते सदोष असतं आणि हातापायांच्या नसांत, हृदयात साचत जातं. त्यावरचं पॅटिसिरान हे औषध ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आरएनएच्या या तत्त्वावर चालणारं जगातलं ते पहिलं औषध. घेणाऱ्यांच्या नसांचा आजार नुसता थांबला असं नाही, अनेकांच्या बाबतीत थोडा मागे फिरला. मला स्वतःला या सगळ्या क्षेत्राबद्दल जी आशा वाटते ती इथूनच. तेव्हा दादाला 'हे सगळं थोतांड आहे' असं अजिबात म्हणू नका. ते खरं नाही.

पण यकृत गाठणं सोपं असतं, तिथे सगळं रक्त फिरून जातं. मेंदूभोवती रक्तवाहिन्यांची अशी कडेकोट चौकी असते की शिरेतून दिलेला आरएनए पलीकडे पोचत नाही. म्हणून हे औषध पाठीतून द्यावं लागतं. रुग्णाला कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. कमरेच्या दोन मणक्यांमधून लांब, बारीक सुई आत घालायची, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते थोडं पाणी बाहेर काढायचं आणि तितकंच औषध सावकाश आत सोडायचं. तेवढा वेळ माणसाने हलायचं नाही. नंतर काहींचं एक-दोन दिवस डोकं दुखतं. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी हा स्नायू दुबळे करणारा आजार झालेल्या लहान मुलांना नुसिनर्सेन हे औषध याच वाटेने देतात, त्यामुळे वाट ओळखीची आहे. पण ताई, अंघोळीचा तांब्या हातात घेऊन काय करायचं हे ज्यांना कळत नाही, त्या आईंना अनोळखी खोलीत, अनोळखी माणसं पाठीला हात लावत असताना निश्चल पडून राहायला सांगायचं म्हणजे काय, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

तर ते ९० टक्के. पहिल्या निकालात फक्त २० रुग्ण होते, आणि त्यातल्या काहींना तुलनेसाठी नुसतं सलाइनसारखं पाणी दिलेलं होतं. सगळ्यांचा आजार कमी वयात सुरू झालेला आणि अजून सौम्य पायरीवर असलेला. मोजलं काय, तर पाठीतून काढलेल्या पाण्यातले एपीपी प्रथिनाचे दोन विरघळलेले तुकडे. ते जास्तीत जास्त ८४ आणि ९० टक्क्यांपर्यंत उतरले. म्हणजे औषध मेंदूपर्यंत पोचलं आणि नवं प्रथिन बनणं खरोखर घटलं. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीसाठी हा सुंदर निकाल आहे, आणि तो तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. मेंदूत आधीच बसलेल्या गाठी ९० टक्के गेल्या, असं त्यात कुठेही नाही. कुणाची स्मरणशक्ती परत आली, असंही नाही. ते तपासण्याएवढी मोठी ती चाचणीच नव्हती.

तुम्ही सांगलीच्या, तेव्हा २०१९ चा पूर तुम्हाला सांगायला नको. कोयनेतून विसर्ग कमी केल्याची बातमी आली त्या दिवशी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण घरात बसलेला गाळ त्या बातमीने निघाला नाही, आणि भिजून फुगलेल्या भिंती तर गाळ काढल्यावरही पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. मिव्हेलसिरान विसर्ग कमी करतं. गाळ काढायचं काम लेकानेमॅब, डोनानेमॅब ही वेगळी, अँटिबॉडीची औषधं करतात. आणि ती करून काय हाती लागलं, तेही बघा. लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत १७९५ माणसं होती, सगळी आजाराच्या अगदी सुरुवातीच्या पायरीवरची. दीड वर्षानंतर औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा २७ टक्क्यांनी कमी होती, १८ गुणांच्या मापनावर सुमारे अर्ध्या गुणाचा फरक. बरं कुणीच झालं नाही, बिघडण्याचा वेग कमी झाला. आणि साधारण दर आठांतल्या एकाच्या मेंदूला स्कॅनवर सूज दिसली. ज्या पेशी मरून गेल्या त्या अमायलॉइड काढल्याने परत येत नाहीत, हे आता आपण पक्कं समजून चाललं पाहिजे.

म्हणूनच आइसलँडचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं. अमायलॉइड साचायला लागतं ते पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. त्याचं बनणं कमी करणारं औषध ज्याच्या कामाचं, तो माणूस आज पन्नाशीत आहे, धडधाकट आहे आणि त्याला आपल्या डोक्यात काही चाललंय याची कल्पनाही नाही. मला मनापासून वाटतं की या औषधांचा दिवस येईल. पण तो तुमच्या आणि माझ्या पिढीसाठी येईल. आईंच्या पायरीवर त्यांना त्याचा उपयोग होईल असं दाखवणारा एकही पुरावा आज नाही. हे वाक्य तुम्हाला लिहून कळवणं मला सोपं गेलेलं नाही. पण १४ लाखांचा प्रश्न समोर असताना ते गुळगुळीत करून सांगणं मला योग्य वाटत नाही.

आणि प्रथिन कमी केलं म्हणजे भलंच होतं, असंही गृहीत धरू नये. एपीपी हे टाकाऊ प्रथिन नाही, पेशींच्या एकमेकींशी जुळण्या-सावरण्यात त्याचा वाटा असतो. यापूर्वी त्याला कापणाऱ्या पहिल्या एन्झाइमला रोखणारी गोळी निघाली होती, व्हेरुबेसेस्टॅट. अमायलॉइड तिने छान उतरवलं. पण आजाराच्या सुरुवातीच्या रुग्णांवरच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांची बुद्धी न घेणाऱ्यांपेक्षा किंचित जास्तच घसरली, आणि प्रयोग थांबवावा लागला. हंटिंग्टन या दुसऱ्या मेंदूविकारावर पाठीतून द्यायचं टोमिनर्सेन हे जीन शांत करणारंच औषध होतं. त्याची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी मार्च २०२१ मध्ये थांबवली. प्रथिन उतरलं होतं, माणसं सुधारली नाहीत, जास्त डोस मिळालेल्यांची अवस्था तर आणखी खालावली. दुसरीकडे टोफर्सेनसारखं औषध, एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराच्या एका दुर्मीळ आनुवंशिक प्रकारावर, एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं. याच पद्धतीने टाऊ या अल्झायमरमधल्या दुसऱ्या प्रथिनावर नेम धरणारं एक औषध ४६ रुग्णांच्या छोट्या चाचणीत आशादायक ठरून पुढच्या टप्प्यात गेलं आहे. एकूण चित्र हे असं, यश आणि अपयश शेजारी शेजारी. म्हणून तर चाचण्या घेतात, आणि म्हणून त्यांचे निकाल लागेपर्यंत कुणी औषध विकत नाही.

अमेरिकेत नेलं तर? मिव्हेलसिरानची अल्झायमरची चाचणी कमी वयात, म्हणजे ६५ च्या आत सुरू झालेल्या आजारासाठी होती, तीही सौम्य अवस्थेतल्या. आईंचा आजार सुरू झाला एकोणसत्तरीच्या आसपास, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तो आता मध्यम अवस्थेत आहे. त्या दारातून त्यांना प्रवेश मिळाला नसता. या औषधाची दुसऱ्या टप्प्यातली एक चाचणी वेगळ्याच आजारावर आहे. त्यात अमायलॉइड मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बसतं आणि रक्तस्राव होतो. नेदरलँड्समधल्या कॅटवाइक या किनाऱ्यावरच्या गावाच्या आसपास काही घराण्यांत तो पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, ऐन मध्यम वयात माणसं मेंदूतल्या रक्तस्रावाने जातात. अशा कुटुंबांसाठी या औषधाकडे लक्ष लागून राहणं मी समजू शकते. आईंच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'मायक्रोब्लीड्स' (मेंदूतले बारीक रक्तस्राव) असा शब्द असेल तर तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना तो मुद्दाम दाखवा, पण चाचणीत जाण्यासाठी नव्हे. त्यांना अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा फेरविचार करावा लागतो, म्हणून. आणि अशा चाचणीत जायचं म्हणजे वर्ष-दोन वर्षं ठरलेल्या तारखांना त्याच केंद्रात हजेरी, स्कॅन, पाठीतून पाणी काढणं. सांगलीतल्या आपल्या घरात स्वयंपाकघर कुठे हे विसरणाऱ्या माणसाला परक्या देशातल्या परक्या घरात नेऊन ठेवलं की गोंधळ किती वाढतो, हे मी माझ्या ओपीडीत अनेकदा पाहते. मुलाकडे महिनाभर म्हणून गेलेले आई-वडील रात्री-अपरात्री 'घरी जायचंय' म्हणत दार उघडायला लागतात.

आता त्या क्लिनिककडे वळू. इथे मी स्पष्ट बोलणार आहे. अल्झायमरसाठी अमायलॉइडचं जनुक शांत करणारं कुठलंही औषध भारतात काय, जगात कुठेही विक्रीला मंजूर नाही. मग ते सहा इंजेक्शनांत देतात काय? अण्णांना म्हणावं, त्यांच्याकडून औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या, 'जीन थेरपी' नव्हे, रेणूचं नाव आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव. जर ते म्हणाले की ही चाचणी आहे, तर भारतातल्या प्रत्येक औषध-चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावीच लागते. तिचा क्रमांक 'सीटीआरआय' या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष, महिना आणि आकडा असतो, आणि तो इंटरनेटवर कुणालाही फुकट तपासता येतो. तो क्रमांक मागा. एथिक्स कमिटी कुठली ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाचणीचं औषध रुग्णाला विकत देत नाहीत. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे रुग्णाला इजा झाली तर उपचाराचा आणि भरपाईचा भार चाचणी घेणाऱ्यावर असतो. जिथे ते तुमच्याकडून १४ लाख मागतात तिथे ती चाचणी नाही आणि मंजूर उपचारही नाही. नाव फिरवून 'स्टेम सेल' म्हणाले तरी उत्तर तेच. अल्झायमरसाठी स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. असे लोक घरातल्या माणसांच्या मायेवर व्यवसाय करतात, आणि मला त्याची चीड येते. अण्णांचं काही चुकलं असं मात्र त्यांना वाटू देऊ नका. पन्नास वर्षं साथ दिलेल्या सहचारिणीसाठी बाग विकायला निघालेला माणूस आहे तो.

तुमच्या टेस्टबद्दल. अल्झायमर थेट आईकडून लेकीकडे येतो तो प्रकार फार दुर्मीळ, सगळ्या रुग्णांत एक टक्क्याहून कमी. एपीपी, प्रेसेनिलिन-१ किंवा प्रेसेनिलिन-२ यांपैकी एका जनुकात दोष असतो आणि आजार बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीतच दिसतो. एकाच घरात दोन-तीन पिढ्यांत असं झालं असेल तर जनुकीय समुपदेशकाला भेटून टेस्टचा विचार करावा. तुमच्या पत्रात तसं काही नाही. राहिलं एपीओई नावाचं जनुक. त्याची 'ई-४' ही आवृत्ती एका पालकाकडून आली तर धोका साधारण दोन-तीन पटींनी वाढतो, दोघांकडूनही आली तर खूपच जास्त. पण ती असून आजार न होणारे पुष्कळ असतात आणि नसून होणारेही. निकाल हाती आल्यावर आज तुमचा कुठलाही उपचार त्याने बदलणार नाही, रात्रीची झोप तेवढी जाईल. मी तुमच्या जागी असते तर केली नसती. त्याऐवजी त्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, रक्तदाब मोजून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) सुमारे ४५ टक्के रुग्णांमागे टाळता किंवा लांबवता येण्याजोगी कारणं असतात. मध्यम वयातलं एलडीएल कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं, एकटेपणा, धूम्रपान ही त्यातलीच. चव्वेचाळिशीत तुमच्या हातात असलेलं खरं शस्त्र हे आहे.

आईंसाठी आता काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गेल्या सहा महिन्यांत बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तपासा. कानात मळ आहे का, ऐकू येतं का, मोतीबिंदू आहे का ते बघा. ज्याला नीट ऐकू-दिसत नाही त्याचा गोंधळ दुपटीने वाढतो, आणि हे दोन्ही सांगलीतच दुरुस्त होण्यासारखं आहे. सर्दी-खाजेच्या आणि झोपेच्या काही गोळ्या, लघवी आवरण्यासाठी देतात त्यांतल्या काही, या वयात स्मृती आणखी बिघडवतात. एखाद्या दिवशी आई अचानक, दोन-तीन दिवसांत खूपच बिघडल्या, तर 'आजार वाढला' असं समजून घरी थांबू नका. बहुतेकदा लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा अंगातलं पाणी कमी होणं असं काही तरी निघतं आणि उपचाराने माणूस पूर्वीच्या पातळीला येतो. अंघोळीचं म्हणाल, तर 'अंघोळ कर' असं सांगू नका. तांब्या भरून त्यांच्या हातात द्या, त्यावर आपला हात ठेवून पहिलं पाणी पायावर घाला, आणि थांबा. बरेचदा पुढचं शरीराला आठवतं. नाही आठवलं तर दुसरा तांब्या पुन्हा तसाच. घाई केली, आवाज चढला, की त्या दिवशीची अंघोळ राहिली असं समजा. मावशीच्या नावाने हाक मारली तर दुरुस्त करत बसू नका, ओ द्या.

दादाशी भांडू नका. लांब राहणाऱ्या मुलाच्या मनात अपराधीपणा असतो आणि तो नवीन औषधाच्या बातम्यांच्या रूपाने बाहेर पडतो. तो आईवर प्रेम करतो म्हणूनच शोधतोय. त्याच्या हाताला खरं काम द्या. दिवसभरासाठी एक शिकवलेली बाई ठेवायची तर महिन्याला किती लागतील ते इथे चौकशी करून त्याला कळवा, आणि तो खर्च त्याने उचलावा असं सरळ म्हणा. वर्षातून एकदा त्याने पाहुणा म्हणून न येता महिनाभर येऊन आईंचं सगळं करावं, म्हणजे तुम्ही आणि अण्णा तेवढे दिवस मोकळे. आई अजून त्याला ओळखत असतील, तर ही भेट पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखी नाही. हे त्याला याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल, माझं नाव घ्या.

अण्णांकडेही लक्ष ठेवा. अशा घरांत बहुतेकदा सांभाळणारा माणूस आधी खचतो. त्यांची स्वतःची बीपीची गोळी चुकते का, रात्री झोप होते का, ते विचारा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे आणि मनावर ताण असह्य झाला तर टेलीमानसचा १४४१६, दोन्ही मोफत, मराठीतही बोलता येतं. एआरडीएसआय ही अल्झायमर रुग्णांच्या कुटुंबांसाठी १९९२ पासून काम करणारी संस्था आहे, तिच्याकडे काळजीवाहकांसाठी माहिती आणि मार्गदर्शन मिळतं. बँकेची खाती, सातबारा, विमा यांची कागदपत्रं कुठे आहेत आणि आईंच्या नावावर काय आहे, हे अण्णांबरोबर बसून एकदा बघून ठेवा आणि सही-अधिकाराबद्दल वकिलाचा सल्ला आत्ताच घ्या.

पुढच्या वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिक चूर्णं आणि मेडिकलमधून न विचारता आणलेल्या गोळ्यांसकट. जुना एमआरआय न्या. आणि अण्णांना बरोबर घेऊन जा. क्लिनिकबद्दलचा प्रश्न त्यांनी स्वतः, त्यांच्या तोंडाने, डॉक्टरांना विचारू दे.